हिमालयाचे पंचांग आणि रजेचा अर्ज

एप्रिल संपत आला की पुणे, मुंबई, नागपूर अशा मोठ्या रेल्वे स्थानकांच्या पार्सल कचेरीपाशी एक ठराविक दृश्य दिसू लागते. टाकीतील पेट्रोल काढून घेतलेल्या, गोणपाटात आणि पुठ्ठ्यात गुंडाळलेल्या मोटारसायकली उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांच्या मालडब्यात चढत असतात. त्यांचे मालक कोणी धनिकपुत्र नसतात. बँकेतील कारकून, माध्यमिक शाळेतील शिक्षक, नुकतीच परीक्षा दिलेला अभियांत्रिकीचा विद्यार्थी, असा हा मध्यमवर्गीय मेळा असतो. वर्षभर पगारातून बाजूला टाकलेले पैसे आणि मोठ्या मिनतवारीने मंजूर करून घेतलेली दहा-बारा दिवसांची रजा एवढ्या भांडवलावर तो लडाखला निघालेला असतो. ह्या प्रवासाचा बेत आखताना सर्वांत आधी ठरते ती रजेची तारीख, मग गाडीचे आरक्षण, मग सोबती. ज्या घाटांतून जायचे त्या घाटांवर त्या आठवड्यात काय चालू असते, हा प्रश्न बहुधा शेवटी विचारला जातो. तोवर रजेचा अर्ज साहेबांच्या सहीने बाहेर पडलेला असतो आणि प्रश्नाचे उत्तर काहीही आले तरी त्याचा उपयोग उरलेला नसतो.

हौस म्हणून ह्या प्रकाराकडे कानाडोळा करण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. १९७४ साली लडाख पर्यटकांसाठी खुले झाले तेव्हा पहिल्या वर्षी तेथे काही शेकडे माणसे गेली. २०२२ साली हा आकडा पाच लाखांच्या पुढे गेला. त्यातील मोठा भाग विमानाने जातो हे खरे. पण रस्त्याने, आणि त्यातही दुचाकीवरून जाणाऱ्यांची संख्या नजरेत भरण्याइतकी आहे. दर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात दरडी, नाल्यांचे लोंढे, अवेळी बर्फ आणि विरळ हवा ह्यांत माणसे अडकल्याच्या वा दगावल्याच्या बातम्या येतात. त्या वाचताना नैसर्गिक आपत्ती ह्या शब्दाने मनाचे समाधान करून घेण्याची आपल्याला सवय जडली आहे. ह्यांपैकी पुष्कळशा आपत्तींच्या तारखा मात्र, निदान ऋतूच्या हिशेबाने, आगाऊ ठाऊक असतात.

हिमालयाचा ऋतुक्रम समजून घेण्यास मराठी माणसाला अडचण पडू नये. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वर पावसात बुडालेले असते, त्याच वेळी पूर्वेकडे माण-खटावात शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. पर्वताच्या एका अंगाला पाऊस आणि दुसऱ्या अंगाला पर्जन्यछाया, हे चित्र आपण भूगोलाच्या पुस्तकात शिकलो आणि एस.टी.च्या खिडकीतून पाहिलेही. मनाली ते लेह ह्या वाटेवर हेच चित्र दसपट मोठ्या प्रमाणावर मांडलेले आहे. पीर पंजालच्या दक्षिणेकडील कुल्लूचे खोरे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांना उघडे आहे. रोहतांगच्या पलीकडचा लाहौल अर्धवट कोरडा. बारालाचा ओलांडला की जवळजवळ वाळवंट. लेहचा वार्षिक पाऊस सरासरीने सुमारे शंभर मिलिमीटर. जुलैतील एखाद्या मुसळधार दिवशी महाबळेश्वरला चोवीस तासांत तेवढा पाऊस पडून जातो. त्यामुळे 'लडाखला पावसाळा नसतो, जुलै-ऑगस्ट उत्तम' हे जे वाक्य तोंडोतोंडी पसरले आहे ते लेहपुरते बरेचसे खरे आहे. लेहला पोचण्याच्या वाटेपुरते मात्र ते धादांत खोटे आहे. प्रवासी तर लेहमध्ये आकाशातून उतरत नाही. त्याला आधी बियासच्या काठाने वर चढावे लागते.

हिमाचलात मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या अखेरच्या आठवड्यात पोचतो आणि सप्टेंबरच्या अखेरीस परततो. ह्या तीन महिन्यांत पावसाचा धोका सारखा पसरलेला नसतो. तो अशा दिवसांवर एकवटतो की ज्या दिवशी मोसमी वारे आणि पश्चिमेकडून येणारा विक्षोभ एकमेकांना येऊन मिळतात. जुलै २०२३ च्या दुसऱ्या आठवड्यात नेमके हेच घडले. बियासने मनालीपासून खाली मंडीपर्यंत महामार्गाचे लचके तोडले, मनालीचा संपर्क तुटला, आणि तिकडे वर चंद्रताल सरोवरापाशी अडीचशेहून अधिक पर्यटक ऐन जुलैत पडलेल्या बर्फात अडकून राहिले. त्यांना बाहेर काढण्यासाठी बर्फ हटवीत यंत्रे न्यावी लागली. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस बियासने पुन्हा तोच महामार्ग ठिकठिकाणी गिळला. किन्नौरची कथा निराळी नाही. २५ जुलै २०२१ रोजी बत्सेरी येथे कोसळलेल्या दगडांनी नऊ पर्यटकांचा बळी घेतला, आणि पंधरवडा उलटला नाही तोच, ११ ऑगस्टला, निगुलसरी येथे दरडीखाली अठ्ठावीस माणसे गेली. एकाच जिल्ह्यात, एकाच ऋतूत, एकाच कारणाने.

स्वतः लेहदेखील पूर्णपणे सुरक्षित नाही, हे ५ ऑगस्ट २०१० च्या रात्रीने दाखवून दिले. ढगफुटीनंतर आलेल्या चिखलाच्या लोंढ्याने चोगलमसर वस्तीची दैना केली, बसस्थानक आणि रुग्णालय झोडपले, आणि दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. वाळवंटातील डोंगरांवर पाणी धरून ठेवणारी झाडी नसते. मातीची घरे पावसासाठी बांधलेली नसतात. तेथे थोडाही पाऊस अनर्थ करतो. आपल्याकडे ज्या सरीला कोणी छत्रीही उघडणार नाही, ती सर तेथे रस्ता वाहून नेऊ शकते.

मग सप्टेंबर घ्यावा. बहुतेक जाणकार हाच महिना सुचवितात आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. पाऊस ओसरलेला असतो, आकाश निवळते, नाल्यांचे पाणी उतरते. तथापि २०१८ साली २२ सप्टेंबरपासून लाहौल-स्पीतीत अवेळी बर्फवृष्टी झाली, शेकडो माणसे अडकली आणि वायुदलाची हेलिकॉप्टरे धाडावी लागली. ह्याचा अर्थ सप्टेंबर वाईट असा नव्हे. अर्थ एवढाच की हिमालयातील कोणत्याही चांगल्या महिन्याला दोन-तीन दिवसांची सूट द्यावी लागते. ज्याच्या रजेत असे मोकळे दिवस नाहीत, त्याची रजा ह्या प्रवासाला अपुरी आहे. दहा दिवसांच्या रजेत दहा दिवसांचा प्रवास बसविणारा माणूस आपल्या दृष्टीने काटकसर करीत असतो. परतीच्या गाडीचे आरक्षण चुकू नये म्हणून बंद घाट उघडण्याची वाट न पाहता तो जेव्हा आडवाटेने निघतो, तेव्हा ती काटकसर कोठे जाते ते दिसते.

ऋतूंच्या ह्या मोठ्या पंचांगाच्या पोटात दिवसाचे एक छोटे पंचांगही आहे, आणि मोटारसायकलस्वाराला त्याचेच चटके अधिक बसतात. हिमनदीतून निघणारा नाला घड्याळाप्रमाणे चालतो. रात्री वरचे बर्फ गोठलेले असते, म्हणून पहाटे नाल्यात गुडघाभरदेखील पाणी नसते. सूर्य वर आला की बर्फ वितळू लागते, ते पाणी काही तासांनी रस्त्यापर्यंत उतरते, आणि दुपारनंतर त्याच नाल्यात गाडीची चाके तळाला टिकत नाहीत. लाहौलमध्ये 'पागल नाला' ह्या नावाने ओळखले जाणारे ओढे आहेत. त्यांचा वेडेपणा दुपारचा असतो, सकाळी ते शहाणे असतात. ग्रामफूहून बातलकडे जाणारी चंद्रा नदीकाठची वाट तर अशा ओढ्यांनीच बनलेली आहे. चारचाकी गाडी जेथे हेलकावे खात निघून जाते, तेथे दुचाकीचे मागचे चाक एका गोलसर दगडावरून घसरले की स्वार बर्फाच्या पाण्यात बसतो. भिजलेले बूट आणि हातमोजे घालून त्याने सोळा हजार फुटांवरील वाऱ्यात पुढचे दोन तास गाडी हाकली, तर ब्रेकवरची बोटे त्याची राहत नाहीत. उंचीवरचे अपघात वेगामुळे होतात असे आपण समजतो. त्यांतील कितीतरी थंडीने बधिर झालेल्या हातांमुळे होतात.

उलटपक्षी, फार पहाटे निघावे तर वळणावळणावर सावलीतल्या डांबरावर गोठलेल्या पाण्याचा पारदर्शक पापुद्रा असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, चाकाला कळतो. मे महिन्यात आणि सप्टेंबरअखेर हा धोका मोठा. जुलैत नाल्यांचा मोठा. म्हणजे कोणत्या वेळी मुक्काम सोडावा ह्याचे उत्तरही महिन्यागणिक बदलते. मोटारसायकलीची ताकद, जर्मन बनावटीचे अंगरखे, चाकांवर बांधायच्या साखळ्या ह्यांची चर्चा करण्यात ज्या संध्याकाळी जातात, त्यांतील एखादी संध्याकाळ ह्या हिशेबाला दिली तर बरे.

आता उंचीचा प्रश्न. ऋतू आणि उंची ह्या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत असे मानले जाते, ते चूक आहे. कमी दिवसांच्या रजेत पावसाच्या आधी घाट ओलांडण्याची जी घाई होते, तीच घाई माणसाला झेपणार नाही एवढ्या उंचीवर एका दिवसात नेऊन टाकते. लेहच्या साडेतीन हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे पासष्ट टक्के असतो; खारदुंग ला येथे तो निम्म्यावर येतो. (ह्या खिंडीतील पाटीवर १८,३८० फूट हा आकडा वर्षानुवर्षे मिरवला गेला, प्रत्यक्ष मोजमापाने ती सुमारे १७,६०० फूट भरते. पाटीपाशी छायाचित्र घेणाऱ्यांची त्याला हरकत दिसत नाही.) विरळ हवेशी शरीर जुळवून घेते, पण त्याला दिवस लागतात, आणि हे दिवस पैशाने, व्यायामाने वा तारुण्याने विकत घेता येत नाहीत. रोज दहा किलोमीटर धावणारा पंचविशीचा तरुण आणि पन्नाशीचा हेडक्लार्क ह्यांच्यात उंची भेद करीत नाही. किंबहुना तरुणच अधिक अडचणीत येतो, कारण डोके दुखत असतानाही तो गाडी पुढे दामटतो.

ह्या विषयाचे ज्ञान जगाला ज्यांनी दिले त्यांत भारतीय लष्करी डॉक्टरांचा वाटा मोठा आहे, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी मैदानी मुलखातील सैनिकांना घाईघाईने उंचीवर न्यावे लागले. त्यांतील कित्येक शत्रूची गोळी न लागताच फुप्फुसांत पाणी साठून वा मेंदूला सूज येऊन आजारी पडले. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकरा ते अठरा हजार फुटांवर आजारी पडलेल्या १,९२५ सैनिकांचा अभ्यास करून १९६९ साली जो निबंध प्रसिद्ध केला, तो ह्या विषयातील पायाभूत कामांपैकी एक गणला जातो. त्यानंतर सैन्याने नियम केले. आज लष्कराचा जवान लेहला उतरला की त्याला आधी विश्रांती, मग हलके चालणे, मग चढण, असा क्रम सक्तीने पाळावा लागतो. ज्या राष्ट्राने हा धडा आपल्या सैनिकांच्या जिवावर शिकला, त्याच राष्ट्राचा नागरिक खांद्यावर कॅमेरा अडकवून लेहच्या विमानतळावर उतरतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खारदुंग लावर असतो. लडाखच्या प्रशासनाने पर्यटकांना किमान ४८ तास विश्रांती घेण्याची सूचना दिलेली आहे. सूचना आणि नियम ह्यांतील अंतर सरकारी कचेरीत काम करणाऱ्यांना सांगावयास नको.

रस्त्याने जाणाऱ्याला हळूहळू उंची मिळते, म्हणून तो सुरक्षित, ही समजूत श्रीनगरच्या वाटेपुरती ठीक आहे. श्रीनगर सोळाशे मीटरच्या आत, कारगिल सुमारे पावणेसत्तावीसशे, मग लेह साडेतीन हजार. मध्ये झोजी ला, नमिका ला आणि फोतू ला ह्या खिंडी लागतात, पण त्यांतील सर्वांत उंच फोतू लाही ४,१०० मीटरच्या आसपास आहे, आणि रात्रीचा मुक्काम खालीच पडतो. डॉक्टरांचा ठोकताळा असा की तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये. मनालीच्या वाटेवर हा ठोकताळा पहिल्याच रात्री धुळीस मिळतो. मनाली सुमारे दोन हजार मीटर, आणि पुष्कळांचा पहिला मुक्काम पडतो तो ४,२९० मीटर उंचीच्या सरचूच्या तंबूत. एका दिवसात सव्वादोन हजार मीटर! त्या रात्री तंबूतंबूतून डोकेदुखी, उलट्या आणि धाप ऐकू येते ह्यात नवल ते काय?

सरचूची खरी अडचण मात्र आणखी पुढची आहे आणि ती नकाशा नीट पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही. उंचीच्या आजारावर उतार हाच खात्रीचा उपाय असतो. सरचूला आजारी पडलेला माणूस मागे जावे म्हणेल तर ४,८९० मीटरचा बारालाचा पुन्हा चढावा लागतो. पुढे जावे तर गाटाची एकवीस वळणे, नकी ला, लाचुंग ला, आणि त्यांच्या पलीकडचे पांग तर सरचूहूनही उंच. पांगनंतर मोरेचे पठार आणि ५,३०० मीटरहून उंच टांगलांग ला. म्हणजे खाली उतरण्यासाठी दोन्ही बाजूंनी आधी वर चढणे भाग आहे. पांगच्या लष्करी तळाने आजवर कित्येक नागरिकांना प्राणवायू देऊन वाचविले आहे; पण तो तळ पर्यटकांच्या सोयीसाठी उभारलेला नाही. पहिली रात्र केलाँग किंवा जिस्पा येथे, तीन हजारांच्या थोडेसे वर काढली आणि शक्य तर तेथे आणखी एक दिवस घालविला, तर ह्या सापळ्याची धार पुष्कळ बोथट होते. तेवढा एक दिवस रजेत नसतो, एवढेच.

अटल बोगद्याने ही परिस्थिती सुधारली, असे सर्वत्र लिहिले गेले. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झालेला नऊ किलोमीटर लांबीचा हा बोगदा अभियांत्रिकीचे मोठे यश आहे आणि लाहौलच्या जनतेला त्याने हिवाळ्याच्या कोंडीतून सोडविले, हे निर्विवाद आहे. बाळंतिणीला हेलिकॉप्टरची वाट पाहत ठेवणारे दिवस संपले. पर्यटकाच्या बाबतीत मात्र त्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. पूर्वी रोहतांगच्या चिखलात आणि वाहनांच्या रांगेत अर्धा दिवस जात असे. वैतागलेला प्रवासी नाइलाजाने केलाँगला मुक्काम करी, आणि त्याला न कळत त्याच्या शरीराला हवी ती रात्र मिळे. बोगद्याने रस्ता ४६ किलोमीटरने आखूड केला आणि ती सक्तीची विश्रांतीही काढून घेतली. आता सकाळी मनालीत चहा घेतलेला माणूस सायंकाळी सरचूला सहज असतो. एका दिवसात लेह गाठल्याची फुशारकीही ऐकू येते.

रस्ते लवकर उघडू लागल्याचेही असेच आहे. सीमा सडक संघटनेची स्थापना १९६० साली झाली. तिच्या कामगारांनी ज्या हवेत आणि ज्या हिमकड्यांखाली हे रस्ते राखले त्याला तोड नाही. झोजी ला पूर्वी वर्षाचे पाच-सहा महिने बंद असे. २०२५ साली ती अवघ्या ३२ दिवसांच्या बंदीनंतर १ एप्रिल रोजी उघडली. ही बातमी वृत्तपत्रांत 'लडाखचा मार्ग खुला' अशा मथळ्याने येते आणि मे महिन्याच्या सुट्टीचे बेत झपाट्याने पक्के होतात. सीमा सडक संघटनेच्या भाषेत 'खुला' ह्याचा अर्थ बर्फ कापून एका वाहनाची वाट मोकळी झाली आणि रसद जाऊ शकते, असा असतो. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती उभ्या असतात, दुपारी त्या वितळून रस्त्यावर पाणी वाहते, रात्री तेच गोठते. वाहतूक आळीपाळीने एकाच दिशेने सोडली जाते आणि हवा बिघडली की फाटक पुन्हा बंद होते. वाटेतील ढाबे आणि तंबू अद्याप लागलेले नसतात. मनालीच्या वाटेवर तांदीच्या पंपापाशी पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी कित्येक वर्षे होती. तिचे छायाचित्र सर्वांनी काढले, मजकूर थोड्यांनीच मनावर घेतला.

ह्या सर्वांतून शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी ह्यांच्या वाट्याला काय येते? कारकुनाची स्थिती त्यातल्या त्यात बरी. त्याला अर्जित रजा सप्टेंबरात मागता येते. मार्चअखेरचे हिशेब संपलेले असतात, दिवाळी लांब असते, आणि गणपतीनंतरचा पंधरवडा हा हिमालयासाठी वर्षातील उत्तम काळ असतो. कचेरीतील ज्येष्ठांनी मे महिन्याच्या रजेवर आधीच हक्क सांगितलेला असतो, त्यामुळे सप्टेंबरची रजा मिळण्यास अडचणही कमी. विद्यार्थ्याचे वेळापत्रक परीक्षा मंडळाच्या लहरीवर असते, त्याविषयी भाकीत करणे हवामान खात्यालाही जमणार नाही. खरी कुचंबणा शिक्षकाची. त्याला दोनच सुट्ट्या. उन्हाळी सुट्टी मेच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत, आणि दिवाळीची. दिवाळीत लाहौलचा रस्ता मिटण्याच्या बेतात असतो. मेच्या पूर्वार्धात बारालाचाचा भरवसा नसतो. उरतात मेचा शेवटचा आठवडा आणि जूनचे पहिले दहा-बारा दिवस. विदर्भातील शाळा उशिरा उघडतात, म्हणून तेथील शिक्षकाला आणखी काही दिवस मिळतात. वऱ्हाडच्या उन्हाने दिलेले हे एकमेव दान म्हणावयाचे.

ह्या अरुंद खिडकीतून जायचे तर वाट बदलणे शहाणपणाचे. जूनच्या आरंभी श्रीनगर, कारगिल, लेह हा मार्ग मनालीच्या मार्गापेक्षा उंचीच्या आणि बर्फाच्या दोन्ही दृष्टींनी सौम्य असतो. येताना मनालीकडून उतरावे. तोवर शरीर उंचीला सरावलेले असते आणि सरचूची तीच रात्र निमूटपणे जाते. ज्याला मेमध्येच निघणे भाग आहे त्याने लेहचा हट्ट सोडून सिमल्याहून किन्नौरमार्गे काझा गाठावे. सतलज आणि स्पीतीच्या काठाने जाणारा तो रस्ता हळूहळू चढतो, मध्ये वस्त्या आहेत, आणि पावसाळ्यापूर्वी त्यावरील दरडी बऱ्याच शांत असतात. कुंझुम खिंड बंद असेल तर आल्या वाटेने परतावे. आल्या वाटेने परतणे हा पराभव आहे ही कल्पना कोठून आली कोण जाणे. पंढरीचा वारकरी तर दरसाल त्याच वाटेने जातो आणि येतो.

शासनाकडून काय अपेक्षावे, ह्याचाही विचार झाला पाहिजे. रस्त्यांची रोजची स्थिती पोलीस आणि सीमा सडक संघटना आता जाहीर करतात, लेहमध्ये २०२२ साली डॉप्लर रडार बसले, ही प्रगती मान्य केली पाहिजे. २०१० च्या रात्री ह्यांपैकी काहीही नव्हते. परंतु माहिती उपलब्ध असणे आणि ती नाक्यावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत योग्य वेळी पोचणे ह्यांत फरक आहे. दारचापाशी वाहनांची नोंद होतेच. त्या नोंदीत 'काल रात्रीचा मुक्काम कोठे होता' हा एक प्रश्न घालता येईल, आणि मनालीहून थेट आलेल्यास त्या दिवशी बारालाचापलीकडे न सोडण्याचा अधिकार तेथील हवालदारास देता येईल. विमानाने लेहला आलेल्यास खारदुंग ला वा पँगाँगकडे जाण्याचा परवाना ४८ तासांनंतरच्या तारखेचा देणे तर केवळ शिक्क्याचे काम आहे. स्थानिक व्यावसायिकांचा अशा निर्बंधाला विरोध होईल असे मानण्याचे कारण नाही. प्रवासी दोन रात्री अधिक राहिला तर हॉटेलवाल्याचे काही बिघडत नाही. बाहेरून भाड्याने आणलेल्या मोटारसायकली लडाखमध्ये फिरू न देण्याबाबत तेथील संघटना किती दक्ष असतात हे तेथे जाऊन आलेल्यांना ठाऊक आहे. तीच दक्षता स्वाराच्या प्रकृतीबाबत वळविता आली पाहिजे.

हा विषय लांबणीवर टाकण्यासारखा नाही, कारण ऋतूंची उरलीसुरली बंधनेही झपाट्याने गळून पडत आहेत. २०२१ साली उमलिंग लाचा १९,०२४ फूट उंचीचा रस्ता तयार झाला आणि लगेच तो दुचाकीस्वारांच्या यादीत जाऊन बसला. सोनमर्गचा बोगदा जानेवारी २०२५ मध्ये खुला झाला. त्यापुढचा तेरा किलोमीटरहून अधिक लांबीचा झोजी ला बोगदा आणि झंस्कारच्या वाटेवरील शिंकू ला बोगदा ह्यांचे काम हाती घेतले गेले आहे. ते पूर्ण झाले की लेहला जानेवारीतही रस्त्याने जाता येईल. लष्कराला आणि तेथील रहिवाशांना त्याची नितांत गरज आहे. परंतु जानेवारीत लेहची रात्र शून्याखाली पंधरा अंशांपर्यंत आणि कधी त्याहूनही खाली उतरते, नळातील पाणी गोठत असल्याने बहुतेक हॉटेले बंद असतात, आणि हिवाळ्यात त्या उंचीवरील हवेचा दाब उन्हाळ्यापेक्षाही थोडा कमी असतो. नाताळच्या सुट्टीचे बेत त्या वर्षी येथेही आखले जातील. कारगिल आणि द्रास येथील मुक्कामाची सोय, लेहच्या रुग्णालयातील खाटा आणि प्राणवायूचा साठा ह्यांची तरतूद बोगद्याच्या अंदाजपत्रकाबरोबरच व्हावयास हवी. बोगद्याचे उद्घाटन होऊन पहिली बर्फाळ रात्र उलटल्यावर ती करावयास घेणे फार उशिराचे होईल.